डिचोलीत खुल्या सरकारी माहितीवर हॅकेथॉन घेतोय, नेमकं काय बनवावं?

वाळवंटीकाठ · शुक्रवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गणेशाची चवथ आटोपली की गोव्यातल्या डिचोलीत दोन दिवसांचं हॅकेथॉन घ्यायचा आमचा विचार आहे. आम्ही सात-आठ जण आहोत : तिघे प्रोग्रॅमर, दोघी शिक्षिका, बाकी कॉलेजची मुलं. हॉल मिळाला आहे, दुपारचं जेवण महिला मंडळ करणार आहे. सरकारकडची खुली माहिती घ्यायची आणि तिच्यावर लोकांच्या कामाला येईल असं ॲप बांधायचं, एवढाच विषय.

शब्द नवा असेल त्यांच्यासाठी : १९९९ मध्ये कॅनडातल्या कॅलगरी शहरात ओपनबीएसडी या मुक्त संगणक प्रणालीवर काम करणारे काही जण प्रोग्रॅम लिहायला एकत्र बसले, तेव्हापासून अशा बैठकीला 'हॅकेथॉन' म्हणतात. चोरीचा त्यात काही संबंध नाही. आपल्याकडे एप्रिल २०१३ मध्ये तेव्हाच्या नियोजन आयोगाने बाराव्या पंचवार्षिक योजनेवर एक घेतलं होतं. २०१७ पासून स्मार्ट इंडिया हॅकेथॉन सुरू आहे, पण ती विद्यार्थ्यांची स्पर्धा. आम्ही बक्षीस ठेवणार नाही. इथल्या माणसांनी इथल्यासाठी बसायचं.

आमच्या यादीत सध्या रस्त्यावरचे खड्डे, बसच्या वेळा, फेरीबोटी, पाण्याचे टँकर आणि ग्रामसभेची इतिवृत्तं आहेत. माझं मत आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोबाइलवर चालणारं काहीतरी दिसलंच पाहिजे, नाहीतर मुलं पुन्हा येणार नाहीत. तुमचे अनुभव सांगा.

शटलची_खिडकी · शुक्रवार, रात्री १०.०५

खड्डे सोडून काहीही.

कुळागर · शुक्रवार, रात्री १०.११

महिला मंडळाचं जेवण म्हणजे खतखतं आहे का? असेल तर दोन्ही दिवस येतो.

वाळवंटीकाठ · शुक्रवार, रात्री १०.१४

@कुळागर, खतखतं नक्की. आता कामाचं बोला.

तिसरं_वर्ष · शुक्रवार, रात्री ११.३०

मी इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आतापर्यंत तीन हॅकेथॉनमध्ये बसले, एकात दुसरं बक्षीसही मिळालं. आणि हो, आमचंही खड्ड्यांचंच ॲप होतं! फोटो काढा, ठिकाण आपोआप नोंदलं जाईल, तक्रार संबंधित खात्याकडे जाईल. व्यासपीठावर ते सुंदर चाललं. पण तक्रार 'संबंधित खात्याकडे' जाते म्हणजे कुठे जाते, हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. रस्ता सार्वजनिक बांधकामचा, पालिकेचा की पंचायतीचा, हे ठरवणारी माहिती आमच्याकडे नव्हती. आम्ही प्रात्यक्षिकासाठी आमच्याच सरांचा ईमेल टाकला होता.

तीन महिन्यांनी सर्व्हरचा फुकटचा काळ संपला आणि ॲप बंद पडलं. त्याआधी एका आजोबांनी त्यावर खरीखुरी तक्रार केली होती, आमच्याच रस्त्यावरच्या उघड्या गटाराची. ते मला वाटेत भेटून विचारायचे, "बाय, माझ्या तक्रारीचं काय झालं गो?" त्यांना काय सांगणार होते मी? म्हणून वाळवंटीकाठ दादा, तुमच्या मताला माझा थेट विरोध आहे. संध्याकाळी चालणारं काहीतरी दिसलंच पाहिजे या हट्टापायी आम्ही एका माणसाला खोटा भरवसा दिला.

फेरीबोट · शनिवार, सकाळी ७.५०

वरचा प्रतिसाद वाचून गलबलून आलं. मी चोडणात शिकवते, रोज रायबंदरहून फेरीने जाते-येते. फेरीचं ॲप करायचं असेल तर आधी आम्हाला काय हवं ते ऐका. छापील वेळापत्रक नको आहे. आज धक्क्यावर किती बोटी चालू आहेत आणि रांग कुठवर आली आहे, एवढंच हवं. हे संगणकात कुठेच नसतं. बोटीवरच्या खलाशांना ठाऊक असतं आणि रांगेत उभ्या असलेल्यांना दिसतं. आमच्या व्हॉट्सॲप गटावर सकाळी साडेसहालाच कोणीतरी लिहितं, "आज एकच बोट." तेवढ्यावर पन्नास माणसं घरून निघायची वेळ बदलतात. हा गट कोणत्याही हॅकेथॉनमध्ये बनलेला नाही.

जुनी_नोंदवही · शनिवार, सकाळी ९.२०

मी पंचायत सचिव म्हणून निवृत्त झालो. टेबलाच्या पलीकडून पाहिलेलं सांगतो.

माझ्या शेवटच्या वर्षात कॉलेजची चार मुलं आली होती. हुशार, नम्र. म्हणाली, "सर, डेटा द्या." मी विचारलं, कसला? म्हणाली, "जो असेल तो." माझ्याकडे घरपट्टीचं रजिस्टर, ना हरकत दाखल्यांची वही, ग्रामसभेची इतिवृत्तं आणि बांधकाम परवान्यांच्या फायली होत्या. जो असेल तो म्हणजे त्यातलं काय? रजिस्टरात लोकांची नावं, थकबाकी, वारसांचे वाद, सगळं असतं. ते उचलून द्यायचा मला अधिकार नव्हता. मी नाही म्हटलं, मुलं हिरमुसून गेली. बाहेर जाऊन सरकारी कार्यालय माहिती दडवतं असं म्हणाली असतील, तर तो दोष माझ्याही खात्यावर लिहा. इतिवृत्तं तरी मी नक्की देऊ शकलो असतो. ती गावाचीच आहेत.

पण तीही कशी होती ऐका. जुनी इतिवृत्तं मराठीत, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली. तो फॉन्ट संगणकावर नसेल तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं दिसतात. त्याआधीची हाताने लिहिलेली. दोन दिवसांत त्यावर कोणतं ॲप बांधणार?

दुसरं, घर क्रमांक. आमच्या गावात ते रांगेने नव्हतेच. घराची नोंद जेव्हा झाली तेव्हाचा पुढचा आकडा त्याला मिळायचा. ११२ च्या शेजारी ४०७, त्यापलीकडे ११२/अ. नकाशावर घर शोधणारं ॲप कोणी करायला घेतलं तर आधी वाड्यावरच्या पोस्टमनला बोलवा.

खाजन · शनिवार, सकाळी ९.४५

जुनी_नोंदवही काका, दंडवत. पोस्टमनच्या वाक्याला शंभर वेळा +१.

शटलची_खिडकी · शनिवार, सकाळी ११.००

मला एक वेगळाच प्रश्न पडतो. हे काम आपण का करायचं? माहिती अधिकार कायदा २००५ चा आहे. त्याच्या कलम ४(१)(ब) मध्ये प्रत्येक कार्यालयाने कोणीही न मागता आपणहून जाहीर करायच्या १७ बाबी दिल्या आहेत. आपल्या गोव्याने तर १९९७ मध्येच स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, देशाच्या आठ वर्षं आधी. केंद्राचं खुल्या माहितीचं धोरण २०१२ चं, त्याच वर्षी राष्ट्रीय खुल्या माहितीचं संकेतस्थळ सुरू झालं, २०१७ मध्ये परवानाही आला : माहिती वापरा, स्रोत सांगा, झालं. कागदावर सगळं आहे. मग शनिवार-रविवार घालवून आपण फुकट राबायचं आणि खात्याने फीत कापायची?

बसचंच घ्या. मी रोज पणजी-मडगाव शटलने जातो, खिडकीवर तिकीट काढून रांगेत. सरकारी कदंब बसच्या वेळा निदान विचारता तरी येतात. पण गावागावांत धावतात त्या बहुतेक खासगी बसेस. त्यांच्या परमिटवर वेळा लिहिलेल्या असतात, म्हणजे माहिती वाहतूक खात्याकडे आहेच. बसच्या वेळा संगणकाला वाचता येतील अशा मांडायची जीटीएफएस नावाची पद्धत २००५ पासून आहे, पोर्टलंड शहराची वाहतूक संस्था आणि गूगल यांनी मिळून केलेली. थांबे, मार्ग, फेऱ्या, वेळा अशा काही साध्या मजकुराच्या फायली, बस. दिल्लीने २०१८ मध्ये बसची माहिती अशीच खुली केली, कोची मेट्रोनेही त्याच वर्षी. खात्याने त्या फायली टाकल्या की नकाशाचं कोणतंही ॲप त्या वाचतं, आपल्याला वेगळं ॲप लिहावंच लागत नाही. म्हणजे मागणी करायची ती फायलींची.

तायपे_ते_ताळगाव · शनिवार, दुपारी १.१५

@शटलची_खिडकी, 'आपण का' या प्रश्नावर तैवानमध्ये एक अख्खी चळवळ उभी राहिली. मी तिथे चार वर्षं नोकरीला होतो. २०१२ मध्ये तिथल्या काही प्रोग्रॅमरांनी सरकारी अर्थसंकल्प लोकांना समजेल अशा चित्रांत मांडला आणि सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्यात जे 'ओ' अक्षर असतं त्याजागी शून्य टाकून आपली समांतर पानं उभी केली. पत्त्यात एक अक्षर बदलायचं की लोकांनी बनवलेलं पान उघडतं. त्या गटाचं नाव गव्ह-झीरो. त्यांचं म्हणणं असं, की 'हे कोणीच का करत नाही' असं विचारू नका, तो 'कोणीच नाही' म्हणजे तुम्हीच.

मला त्यांची घोषणा आवडते, पण जास्त आवडतो तो नेम. त्यांची हॅकेथॉन दर दोन महिन्यांनी होतात. मी दोनदा गेलो होतो. मागच्या वेळचं अर्धं राहिलेलं काम घेऊन लोक येतात, अमुक कामाला एक डिझायनर हवा, एक वकील हवा असं उभं राहून सांगतात आणि बसतात. संध्याकाळी काही पूर्ण झालं नाही तरी कोणाला वाईट वाटत नाही, कारण पुढची तारीख ठरलेली असते. फेब्रुवारी २०२० मध्ये मास्कची टंचाई झाली तेव्हा औषध दुकानांतल्या साठ्याची आकडेवारी सरकारने खुली केली आणि काही दिवसांत लोकांनी तिचे नकाशे, ॲप्स, बोलणारे सहायक बनवले. हे जमलं कारण माणसं आठ वर्षं एकमेकांना ओळखत होती.

उलट उदाहरण अमेरिकेतलं. वॉशिंग्टन डीसीने २००८ मध्ये स्पर्धा घेतली. ५० हजार डॉलर खर्च, ३० दिवस, ४७ ॲप्स. जगभर गाजली. पण पुढच्या अधिकाऱ्याने ती चालू ठेवली नाही. एवढ्या ॲप्सना सांभाळायला माणूस कोण, हा प्रश्न तिथेही होताच.

वाळवंटीकाठ · शनिवार, दुपारी २.४०

सगळं वाचतोय. @तिसरं_वर्ष, तुझ्या आजोबांची गोष्ट दुपारच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवली. सगळे गप्प झाले. तक्रारीचं ॲप यादीतून काढलं.

पण दर दोन महिन्यांनी माणसं आणायची कुठून? डिचोली म्हणजे तायपे नव्हे. पहिल्या वेळी हातात काहीतरी पडल्याशिवाय दुसरी वेळ येत नाही, या मतावर मी अजून ठाम आहे.

मोगऱ्याचा_वळेसर · शनिवार, संध्याकाळी ६.१०

मी भाषेची माणूस, प्रोग्रॅमिंग येत नाही. म्हणून हा प्रतिसाद लांबला तर समजून घ्या.

गेल्या वर्षी माझ्या भाचीचं लग्न केरीला होतं, फोंड्याच्या केरीला, विजयादुर्गेच्या देवळाजवळ. मुंबईचे पाहुणे फोनमध्ये 'केरी, गोवा' घालून निघाले आणि पेडण्याच्या केरीला पोचले. समोर समुद्र, पलीकडे तेरेखोलचा किल्ला, जवळ फेरी. फोन केला तर आमच्या भावाने घाईत "धरणाकडची नव्हे हां" असं सांगितलं, त्यामुळे त्यांना वाटलं आणखी एक केरी आहे. आणि आहेच! सत्तरीची, अंजुणे धरणाजवळची. मुहूर्त टळला नाही हे देवीचं देणं.

हसण्यावारी नेऊ नका. हीच अडचण प्रत्येक सरकारी यादीत आहे. सावर्डे सत्तरीत एक, कुडचड्याजवळ दुसरं. आणि एकाच गावाची नावं तरी किती? आपण हरमल म्हणतो, पाटीवर अरंबोल. चोडण आणि चोराव, साखळी आणि सांकेलिम, हळदोणे आणि आल्दोना. एका खात्याच्या यादीत एक रूप, दुसऱ्याच्या यादीत दुसरं. शाळांची यादी आणि दवाखान्यांची यादी एकत्र ठेवायची म्हटली की गावं जुळतच नाहीत. माझ्या विद्यार्थ्याने हे करून पाहिलं, अर्ध्यावर सोडून दिलं.

माझी सूचना : पहिल्या हॅकेथॉनमध्ये गावांच्या आणि वाड्यांच्या नावांची यादी करा. मराठी, कोकणी, सरकारी इंग्रजी आणि जुनं पोर्तुगीज रूप, चारही शेजारी शेजारी. राजभाषा कायदा १९८७ चा. त्यात देवनागरी कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीही वापरता येते. मग जे ॲप निघतं ते फक्त इंग्रजीत का असतं? कारण प्रोग्रॅमरच्या हाती देवनागरी नावंच नसतात. गुगलमामाने केलेलं लिप्यंतर उचलतात आणि मग बिचोलिम, क्वेपेम असलं काहीतरी छापून येतं. आपल्या गावाचं नाव असं वाचताना मला मनापासून दुःख होतं.

तिसरं_वर्ष · शनिवार, संध्याकाळी ६.३२

वळेसर ताई, हे फार भारी आहे! आणि हे कंटाळवाणंही नाही, यात खरा प्रोग्रॅम लिहायचा आहे. या नावांच्या शेवटी 'म' येतो तो मुळात पोर्तुगीज लेखनातला अनुनासिक आहे ना? म्हणजे डिचोलीं, केपें, शिवोलीं असा उच्चार, आणि पोर्तुगिजांनी शेवटी 'एम' अक्षर लिहून तो दाखवला. इंग्रजीवाल्यांनी ते अक्षर खरं मानलं. तसंच 'क्यू-यू' म्हणजे क, 'एक्स' म्हणजे श. असे दहा-पंधरा नियम बसवले तर बरीच नावं आपोआप जुळतील. उरलेल्यांना माणूस लागेल. हरमल-अरंबोल कोणत्याच नियमात बसणार नाही, ते गावच्या माणसालाच विचारावं लागेल.

जुनी_नोंदवही · शनिवार, संध्याकाळी ७.०५

नावापुढे एक आकडा हवाच. पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेत प्रत्येक गावाला आणि ग्रामपंचायतीला क्रमांक दिलेला आहे. तो लावला की तिन्ही केरी वेगळ्या होतील, नाव कोणी कसंही लिहो. गोव्यात १९१ ग्रामपंचायती आहेत, हा काही डोंगर नाही. वाड्यांना मात्र असा क्रमांक नाही. ती यादी म्हाताऱ्या माणसांजवळ बसूनच करावी लागेल. आमच्या तालुक्याची मी सांगतो.

कुळागर · शनिवार, रात्री ८.१५

मग एक-चौदा, म्हणजे जमिनीचा उतारा, का नाही? जमिनीचे उतारे तर आधीच ऑनलाइन दिसतात. सर्व्हे क्रमांक, नकाशा, कब्जेदार, कूळ, मुंडकार, सगळं जोडलं तर आमच्यासारख्याला केवढी सोय. मामलेदार कचेरीत चार खेपा वाचतील.

खाजन · शनिवार, रात्री ८.५०

@कुळागर, तिथे जपून. २०२२ मध्ये जमीन बळकावल्याच्या प्रकरणांसाठी सरकारला विशेष तपास पथक नेमावं लागलं. जुने पोर्तुगीजकालीन कागद बनावट करून परदेशी असलेल्यांच्या जमिनी विकल्या गेल्या. एक उतारा मालकाने बघणं वेगळं आणि हजारो उतारे एकत्र करून 'म्हातारा मालक, वारस इथे नाहीत' अशी यादी काढता येणं वेगळं. तुमचं ॲप पहिलं कोण वापरेल? दलाल. माहिती एकत्र आली की तिचा स्वभाव बदलतो. जमीन पहिल्या वेळी नकोच.

माझ्याकडे दुसरं काम आहे. आमच्या खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, बांध आहेत, मानशी म्हणजे पाणी अडवायची दारं आहेत. मानशीची दारं भरती-ओहोटीप्रमाणे उघडमीट होतात, मासळीची पावणी म्हणजे लिलाव होतो, तेव्हा सगळ्यांना मानस आठवते. दार कुजलं की मात्र कोणालाच माहीत नसतं, आणि एका रात्रीत खारं पाणी शेतात येतं. मानस कुठे, दार केव्हा बदललं, बांधाला भगदाड कुठे, एवढं नकाशावर आलं तर कुळांच्या संघटनेला दाखवायला पुरावा होईल.

तायपे_ते_ताळगाव · शनिवार, रात्री ९.३०

@खाजन, तुमच्या मानशीला मोठं भावंड आहे. बोस्टनमध्ये बर्फ पडला की आग विझवायचे रस्त्यावरचे नळ गाडले जातात. २०११ च्या सुमारास कोड फॉर अमेरिका या संस्थेच्या मुलांनी 'नळ दत्तक घ्या' असं छोटं ॲप केलं. घराजवळचा नळ निवडा, त्याला नाव द्या, बर्फ पडला की तुम्ही तो मोकळा करा. मूळ प्रोग्रॅम खुला होता, म्हणून होनोलुलूने तोच घेऊन त्सुनामीच्या भोंग्यांना लावला. तिथे भोंग्यांच्या बॅटऱ्या तपासायला माणसं हवी होती. आपण तोच मानशींना लावू शकतो. नव्याने काही लिहायची गरज नाही.

शटलची_खिडकी · रविवार, सकाळी ८.००

रात्रभर विचार केला. फुकट राबण्याबद्दल माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण नावांची यादी हे काम कोणत्याच खात्याचं नाही, सगळ्यांचं आहे, म्हणून ते कधीच होणार नाही. ते आपण करू. बसच्या वेळांसाठी मात्र मी हॅकेथॉनच्या आधीच माहिती अधिकारात अर्ज टाकतो : डिचोली स्थानकावरून सुटणाऱ्या सगळ्या परमिटांच्या वेळा, संगणकीय स्वरूपात. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. दोन दिवस कोणीतरी स्थानकावर बसून खऱ्या वेळा लिहा. परमिटची वेळ आणि खरी वेळ शेजारी ठेवली की तोच कागद घेऊन खात्यात जाऊ.

फेरीबोट · रविवार, सकाळी ८.२५

माझ्या नववीच्या मुली स्थानकावर बसतील, पालकांना विचारून. आणि नावांची यादी मला त्यांच्याकडून चोडणची करून घ्यायची आहे. त्यांच्या आज्यांना प्रत्येक शेताचं नाव ठाऊक आहे.

वाळवंटीकाठ · रविवार, दुपारी १२.१०

बैठक झाली. आम्ही असं ठरवलं आहे.

पहिल्या दिवशी नावांची यादी, डिचोली आणि सत्तरी तालुके. प्रत्येक टेबलावर एक संगणकवाला आणि एक गावचं वयस्क माणूस. पंचायतींना पत्र मी स्वतः नेऊन देतो, आणि 'जो असेल तो' असं कुठेही लिहिणार नाही. नावं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच बनवलेल्या खुल्या नकाशावर चढवू, तिथे एकाच गावाला मराठी, कोकणी, इंग्रजी अशी वेगवेगळी नावं देता येतात. दुसऱ्या दिवशी त्या यादीवर एक साधं पान : कोणत्याही रूपात नाव लिहा, बरोबर गाव दाखवेल. म्हणजे संध्याकाळी मोबाइलवर चालणारं काहीतरी दिसेल. तेवढा माझा हट्ट राहू द्या.

@तिसरं_वर्ष, पान पहिलं वर्षभर सुरू ठेवायचा खर्च मी करतो आणि पानाखाली सांभाळणाऱ्याचं नाव व फोन राहील. मानशींचं काम दुसऱ्या वेळी, @खाजन यांच्या गावात, भात कापून झाल्यावर.

तिसरं_वर्ष · रविवार, दुपारी १२.३०

मी येते. अक्षरांचे नियम लिहायला आजच बसते. वळेसर ताई, 'श' आणि 'ष' दोन्हीला 'एक्स' धरू ना?

मोगऱ्याचा_वळेसर · रविवार, दुपारी १.०५

सध्या दोन्हीला धर. आणि तिन्ही केरी पहिल्या ओळीत घे, तपासायला सोपं जाईल.

जुनी_नोंदवही · रविवार, दुपारी ३.४०

आमच्या गावातल्या वाड्यांची नावं आज जेवण झाल्यावर आठवून लिहायला घेतली. एकवीस झाली. बावीसावं बायकोने सांगितलं. त्या वाड्यावर आता एकही घर नाही, नुसती विहीर उरली आहे. ते यादीत घ्यायचं का?

वाळवंटीकाठ · रविवार, दुपारी ३.४४

घ्या काका. विहिरीसकट घ्या.